'जे' शिक्क्याचा बनावट पासपोर्ट : जुनी कागदपत्रे विकत घेणाऱ्यांनी जरूर वाचावे

नाझी राजवटीच्या छळातून सुटून दुसऱ्या महायुद्धाआधी मुंबईत आलेल्या ज्यूंची कागदपत्रे जमवण्याचा मला नाद आहे. समाजमाध्यमावर ओळख झालेल्या एका विक्रेत्याकडून मी व्हिएन्नात दिलेला एक जर्मन पासपोर्ट २८,००० रुपयांना घेतला आणि तो बनावट निघाला.

विक्रेत्याची हकिकत पटण्याजोगीच होती. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया घशात घातल्यावर तिथल्या ज्यूंना देश सोडण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले; करबाकी नसल्याचा दाखला, ऐपतदारांकडून मालमत्तेच्या चौथ्या हिश्शाइतका देशत्याग कर, आणि एवढे सारे भरून झाल्यावर खिशात न्यायला अवघे १० मार्क. मुंबईच्या ज्यू रिलीफ असोसिएशनने हमी घेतल्यामुळे काही जणांना हिंदुस्थानात प्रवेश मिळाला, हेही खरेच आहे. या खऱ्या इतिहासात त्याने स्वतःची एक खोटी आजी बसवली, जी म्हणे १९३८ च्या पावसाळ्यात बॅलार्ड पिअरला उतरली.

पासपोर्टावर तारीख होती मे १९३८ ची, आणि बाईंच्या नावाला जोडून त्याच शाईत, त्याच हस्ताक्षरात 'सारा' लिहिलेले होते. ज्यू स्त्रियांनी 'सारा' आणि पुरुषांनी 'इस्राएल' हे जादा नाव लावावे, हा हुकूम निघाला १७ ऑगस्ट १९३८ ला आणि लागू झाला १ जानेवारी १९३९ पासून. त्यामुळे मे महिन्यातल्या कारकुनाला ते नाव लिहिण्याचे कारणच नव्हते. खऱ्या पासपोर्टांत अशी भर मागाहून घातलेली दिसते.

'Jude' (ज्यू) या जर्मन शब्दाचे आद्याक्षर असलेला लाल 'जे' तर भिंगाखाली उघडा पडला. ५ ऑक्टोबर १९३८ च्या आदेशाने ज्यूंचे पासपोर्ट रद्द ठरले आणि हा शिक्का उमटल्यावरच ते पुन्हा चालू लागले. हाताने मारलेल्या रबरी शिक्क्याची शाई कडेला साचते, कागदात मुरते, कधी समोरच्या पानावरही तिचा फिकट डाग पडतो. इथे मात्र अक्षरभर रंगीत प्रिंटरचे बारीक ठिपके होते, गुलाबी आणि पिवळे. बाजारात या एका अक्षराने किंमत कितीतरी चढते. माणसांना वेगळे काढण्यासाठी मारलेल्या शिक्क्याचा असा भाव व्हावा, याची मला अजूनही शिसारी येते.

सर्वांत ढोबळ चूक शेवटच्या पानावर होती : मुंबईतल्या जर्मन वकिलातीने मार्च १९४० मध्ये मुदत वाढवून दिल्याची नोंद. ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारल्यावर इथे जर्मन वकिलात उरलीच नव्हती. उलट जर्मन नागरिक म्हणून पकडलेल्यांत खुद्द ज्यू निर्वासितही होते आणि चौकशी होईपर्यंत त्यांतल्या अनेकांना अहमदनगरच्या छावणीत राहावे लागले.

पैसे यूपीआयने गेले होते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, परंतु रक्कम परत आलेली नाही आणि विक्रेत्याचे खाते नाहीसे झाले आहे. असा कागद घेण्याआधी त्यावरचे नाव नाझी छळ सोसलेल्यांच्या नोंदी जपणाऱ्या, जर्मनीतील आरोल्सन अभिलेखागाराच्या ऑनलाइन संग्रहात शोधावे, ते विनामूल्य आहे. मात्र नाव सापडले म्हणून कागद खरा ठरत नाही, कारण खरे नावही उचलता येते. शिक्क्याचे तिरप्या उजेडातले जवळून काढलेले छायाचित्र आणि समोरच्या पानाचे छायाचित्र आधी मागावे, आणि विक्रेता ते देण्यास टाळाटाळ करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.