प्रतिबल-विकृती रूपांतरणाचा प्रयोगसंच: नळी आणि गेज उत्तम, सॉफ्टवेअर घाईचे

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना स्ट्रेस आणि स्ट्रेनच्या, म्हणजेच प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरचे अंतर्गत बल) आणि विकृती (आकारातील सापेक्ष बदल) यांच्या, रूपांतरणाची सूत्रे पाठ असतात; पण अक्ष फिरवल्यावर नेमके काय बदलते आणि काय तसेच राहते, असे विचारले की उत्तर अडखळते. ही एकच अडचण समोर ठेवून बनवलेला, टेबलावर मावणारा एक प्रयोगसंच आमच्या प्रयोगशाळेत काही सत्रांपासून वापरात आहे. माझे मत आधीच सांगतो. संचातील यांत्रिक भाग आणि त्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज (विकृतीनुसार ज्यांचा विद्युत रोध बदलतो अशा पट्ट्या) इतके चांगले आहेत की हा विषय शिकवणाऱ्या कोणीही त्याचा गांभीर्याने विचार करावा. सोबतचे सॉफ्टवेअर मात्र विद्यार्थ्याने जिथे थांबून विचार करायला हवा, तिथेच त्याला उत्तर देऊन मोकळे होते.

मुख्य भाग म्हणजे 30 मिमी बाह्य व्यासाची आणि 26 मिमी आतील व्यासाची अल्युमिनियमची नळी. तिचे एक टोक जाड पाट्यात घट्ट आवळलेले आहे आणि मोकळ्या टोकाला काटकोनात एक आडवी भुजा बसवलेली आहे. भुजेवर नळीच्या अक्षापासून 100, 150 आणि 200 मिमी अंतरांवर भोके आहेत. कोणत्याही भोकात वजन अडकवले की नळी एकाच वेळी वाकते आणि पिळलीही जाते. गेज असलेल्या जागेपासून भुजेपर्यंतचे अंतर 250 मिमी आहे. प्रत्येकी 10 न्यूटनच्या चकत्या दिलेल्या असून एकूण भार 100 न्यूटनपर्यंत नेता येतो.

नळीच्या अगदी वरच्या रेषेवर 0, 45 आणि 90 अंशांचा रोझेट, म्हणजे तीन दिशांच्या तीन गेजचा गट, आहे आणि त्याचे तिन्ही गेज एकमेकांच्या शेजारी नसून एकावर एक रचलेले आहेत. ही निवड मला मनापासून आवडली. सपाट पट्टीवर शेजारी-शेजारी ठेवलेले गेज चालले असते, पण इथे पृष्ठभाग वक्र आहे. 15 मिमी त्रिज्येच्या नळीवर एखादा गेज वरच्या रेषेपासून केवळ 4 मिमी बाजूला गेला, तरी तो परिघावर सुमारे 15 अंश खाली उतरतो आणि तिथली वाकण्यामुळे येणारी विकृती साधारण साडेतीन टक्क्यांनी कमी होते. तीन गेजची वाचने एकाच बिंदूची आहेत हे गृहीतच रूपांतरणाच्या सूत्रांचा पाया आहे, आणि या संचाच्या निर्मात्याने तो पाया सांभाळला आहे.

आता प्रत्यक्ष वाचने पाहू. भुजेच्या 200 मिमीच्या भोकात 100 न्यूटन भार लावला, तर गेजच्या जागी वाकवणारा आघूर्ण (बल गुणिले अंतर) 25 न्यूटन-मीटर आणि पीळ 20 न्यूटन-मीटर होतो. अल्युमिनियमचा यंग गुणांक (साध्या ताणातील प्रतिबल भागिले विकृती) 70 गिगापास्कल आणि पॉयसन गुणोत्तर (ताणाच्या तुलनेत आडव्या दिशेतील आकुंचन) 0.33 धरल्यास गणिताप्रमाणे तिन्ही गेजवर अनुक्रमे 309, 268 आणि उणे 102 मायक्रोस्ट्रेन (विकृतीचे दशलक्षांश) यायला हवेत. आमच्या संचावर 305, 264 आणि उणे 101 आले. शिकवण्याच्या साधनाकडून याहून अधिक अचूकतेची अपेक्षा करण्याचे कारण नाही. एवढीशी विकृती मोजणे म्हणजे काय, याचीही विद्यार्थ्यांना कल्पना द्यावी. 350 ओहमच्या आणि सुमारे 2 गेज फॅक्टर (रोधातील सापेक्ष बदल भागिले विकृती) असलेल्या गेजचा रोध 309 मायक्रोस्ट्रेनला जेमतेम 0.22 ओहमने बदलतो. तो बदल व्हीटस्टन ब्रिज या, रोधातील सूक्ष्म फरक टिपणाऱ्या परिपथाशिवाय विश्वासाने हाती लागत नाही.

या तीन आकड्यांवरून मोरचे वर्तुळ, म्हणजे प्रत्येक दिशेची विकृती एका वर्तुळावर दाखवणारी आकृती, काढणे हा या संचाचा खरा गाभा आहे आणि ते कागदावर, कंपास घेऊन काढावे असा माझा आग्रह आहे. 0 आणि 90 अंशांच्या वाचनांची सरासरी, म्हणजे 102, हा वर्तुळाचा मध्य. 45 अंशांच्या वाचनातून ही सरासरी वजा केली की 162 उरतात आणि तीच कर्तन विकृतीची (काटकोनात होणाऱ्या बदलाची) निम्मी किंमत असते. आडवे अंतर 203 आणि उभे अंतर 162 घेतल्यावर त्रिज्या जवळजवळ 260 येते. प्रमुख विकृती, म्हणजे सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान विकृती, 362 आणि उणे 158 मायक्रोस्ट्रेन मिळतात आणि त्यांची दिशा नळीच्या अक्षापासून 19.3 अंशांवर येते. क्रिस्तियान ओटो मोर यांनी 1882 मध्ये मांडलेली ही रचना संगणकाच्या काळातही टिकून आहे, कारण सूत्रांत विखुरलेले सगळे संबंध तिच्यात एका नजरेत दिसतात.

इथेच हा संच आपली खरी किंमत दाखवतो. भार 100 वरून 50 न्यूटनवर आणला की वर्तुळ निम्मे होते, पण 19.3 अंशांचा कोन जागचा हलत नाही. गोल नळीच्या वरच्या रेषेवर प्रमुख दिशेच्या दुप्पट कोनाचा टॅन्जंट हा पीळ आणि वाकवणारा आघूर्ण यांच्या गुणोत्तराइतका असतो. भार, नळीची जाडी, धातूचा प्रकार हे सर्व त्यातून गळून पडते आणि 200 भागिले 250 एवढेच उरते. वजन 150 मिमीच्या भोकात नेले की कोन 15.5 अंश होतो, 100 मिमीच्या भोकात 10.9 अंश. ज्या विद्यार्थ्याने भार बदलला तर दिशाही बदलेल असे आधी लिहून दिलेले असते, तो हे पाहून स्वतःच सूत्राकडे परत जातो. असे तीन भोकांचे साधे आखीव काम करणाऱ्या निर्मात्याला विषय नीट कळलेला आहे, हे स्पष्ट दिसते.

एक उणीव अशी की गेज पोलादाच्या तापमान-प्रसरणाशी जुळवलेले आहेत आणि नळी अल्युमिनियमची आहे. अल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला सुमारे 23 दशलक्षांशांनी प्रसरण पावते, पोलाद त्याच्या जवळपास निम्म्याने. त्यामुळे नळी एक अंशाने तापली तरी प्रत्येक गेजवर 11 ते 12 मायक्रोस्ट्रेनची खोटी विकृती दिसते. मोजमापाच्या दृष्टीने हा दोषच आहे आणि प्रत्येक वाचनापूर्वी शून्य पुन्हा साधावे लागते. मी मात्र त्याचा वर्गात उपयोग करून घेतो. रोझेटच्या आजूबाजूला तळहात ठेवून नळी थोडी गरम होऊ दिली की तिन्ही वाचने जवळपास सारखीच वाढतात, आणि त्यामुळे वर्तुळ उजवीकडे सरकते; त्याची त्रिज्या आणि प्रमुख दिशा मात्र तशीच राहतात. सर्व दिशांना सारखी असलेली विकृती फक्त मध्य हलवते, आकार नाही, हे यापेक्षा थेट दाखवणारा प्रयोग मला माहीत नाही.

विकृतीवरून प्रतिबलाकडे जाताना विद्यार्थी हमखास घसरतात आणि त्या टप्प्याला माहितीपुस्तिकेत फारच थोडी जागा मिळाली आहे. प्रमुख विकृतीला थेट यंग गुणांकाने गुणले, तर वरच्या उदाहरणात 25.3 आणि उणे 11 मेगापास्कल येतात. पॉयसन परिणाम धरून योग्य रीतीने काढलेली प्रमुख प्रतिबले आहेत 24.3 आणि उणे 3 मेगापास्कल. पहिला आकडा जवळपास बरोबर आल्यामुळे चूक लपते आणि दुसरा आकडा साडेतीन पटींहून जास्त चुकलेला असतो. पुस्तिकेने हे दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडायला हवे होते. त्याऐवजी सूत्र एका ओळीत देऊन पुढचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले आहे.

आता त्या सॉफ्टवेअरविषयी. वाचने आली की पडद्यावर लगेच वर्तुळ उमटते, प्रमुख मूल्ये आणि कोन बाजूच्या चौकटीत दिसतात. दिसायला सुबक आहे, पण उभ्या अक्षावर कर्तन विकृती असे लिहिले असून प्रत्यक्षात तिची निम्मी किंमत आखलेली आहे. वर्तुळाच्या माथ्यावर 260 वाचणारा विद्यार्थी तीच कमाल कर्तन विकृती समजतो. ती प्रत्यक्षात 520 च्या आसपास आहे. मग तो 260 ला कर्तन गुणांकाने गुणतो आणि त्याला कमाल कर्तन प्रतिबल निम्मे मिळते. एका अक्षावरचे नाव दुरुस्त केले तर ही गफलत संपेल, म्हणून ती तशीच राहिल्याचे वाईट वाटते.

याहून गंभीर बाब चिन्हांची आहे. पुस्तिकेत धन कर्तन खालच्या दिशेने आखले आहे, त्यामुळे तिथे वर्तुळावरचे फिरणे आणि प्रत्यक्ष घटकाचे फिरणे एकाच दिशेने होते. सॉफ्टवेअरमध्ये तेच कर्तन वरच्या दिशेने आहे, म्हणजे दोन्ही फिरणी एकमेकांच्या विरुद्ध. दोन्ही पद्धती बरोबर आहेत आणि पाठ्यपुस्तकांतही दोन्ही आढळतात, पण एकाच संचात त्या सरमिसळ झाल्यावर कोनाचे मूल्य बरोबर येऊनही त्याची दिशा उलटी लिहिली जाते. रोझेट वापरून तडा कुठल्या दिशेला जाईल हे ठरवणाऱ्या अभियंत्यासाठी अधिक 19 आणि उणे 19 यांत सगळाच फरक आहे. आम्ही पहिल्याच दिवशी नळीवर प्रमुख दिशेची रेघ पेन्सिलीने आखायला लावतो, म्हणजे पडद्यावरच्या चिन्हावर विसंबून राहावे लागत नाही.

संचात दुसरा नमुना म्हणून बंद टोकांचा, पातळ भिंतीचा दाबाचा सिलिंडर आणि हातपंप आहे. तो मुद्दाम वापरून पाहावा, कारण परिघाच्या दिशेचे प्रतिबल अक्षाच्या दिशेच्या प्रतिबलाच्या दुप्पट असले, तरी विकृतींचे गुणोत्तर दुप्पट येत नाही, 0.33 पॉयसन गुणोत्तराला ते पाचाच्या जवळ जाते. मात्र इथेही सॉफ्टवेअर एकच वर्तुळ काढते. दोन्ही प्रमुख प्रतिबले ताणाची असल्याने खरे कमाल कर्तन पृष्ठभागाच्या प्रतलात नसते, तर जाडीच्या दिशेला तिरक्या प्रतलावर असते, आणि ते पडद्यावर दिसणाऱ्या आकड्याच्या दुप्पट असते. पृष्ठभागावरचे शून्य प्रतिबल हेही एक प्रमुख प्रतिबल आहे, हे तिसऱ्या वर्तुळाशिवाय विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही. धातूचा आकार कायमचा बदलू लागण्याचा अंदाज या आकड्यावर बांधला जातो, म्हणून ही त्रुटी मी लहान मानत नाही.

माझी एक मागणी निर्मात्याकडे आहे: 135 अंशांचा चौथा गेज. तीन अज्ञात राशी आणि तीन वाचने, म्हणजे एखादा गेज बिघडला तरी वर्तुळ निघतेच आणि ते चुकीचे आहे हे सांगणारे काहीच उरत नाही. चौथे वाचन असेल तर 0 आणि 90 यांची बेरीज 45 आणि 135 यांच्या बेरजेइतकी यायलाच हवी. वरच्या गणितात दोन्हीकडे 207 येतात. परस्परांना काटकोनात असलेल्या दोन विकृतींची बेरीज अक्ष कसेही फिरवले तरी बदलत नाही, हा नियम त्या निमित्ताने मुलांच्या हाताखालून गेला असता. तोपर्यंत नळीच्या प्रयोगात एक पर्यायी तपासणी करता येते: वरच्या रेषेवर परिघाच्या दिशेला प्रतिबल नसल्याने 90 अंशांचे वाचन 0 अंशांच्या वाचनाच्या उणे एकतृतीयांश यायला हवे. आमच्या 305 आणि उणे 101 या जोडीला ते बसते. सिलिंडरवर ही सोय नाही.

विद्युत भागाबद्दल तक्रार नाही. प्रत्येक गेजला तीन तारांची जोडणी आहे, त्यामुळे तारांच्या रोधातील बदल वाचनात फारसा मिसळत नाही, आणि वाचन स्थिरही राहते. जोडण्या मजबूत आहेत. भुजेचा स्क्रू मात्र वारंवार तपासावा. तो सैल असला की भुजा किंचित फिरते आणि वाचने परत शून्यावर येत नाहीत.

ज्यांना हा संच घ्यायचा आहे त्यांनी सॉफ्टवेअरच्या मांडणीत जाऊन वर्तुळ आपोआप काढण्याचा पर्याय आधी बंद करावा. तो बंद केल्यावर पडद्यावर फक्त तीन वाचने राहतात आणि तेवढीच पुरतात. विद्यार्थ्यांनी आपले वर्तुळ कागदावर काढून, प्रमुख दिशा नळीवर आखून झाल्यावरच पर्याय पुन्हा सुरू करावा. मोठ्या वर्गांसाठी एक संच अपुरा पडतो, कारण एका वेळी चार-पाच जणांनाच नळीजवळ उभे राहून भार लावता येतो. ज्यांना पूल, यंत्राची चौकट किंवा अन्य प्रत्यक्ष रचनेवर मोजमाप करायचे आहे, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. रोझेट नळीला कायमचा चिकटवलेला आहे आणि संचासोबत सुटे गेज किंवा ते चिकटवण्याचे साहित्य मिळत नाही.