म्युझस्कोर ४ आणि पट्टी बदलायचा खेळ

फुकट आहे म्हणून म्युझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ट्रान्स्पोझसाठी, म्हणजे गाण्याची पट्टी वरखाली करण्यासाठी, टिकलो, असं माझं झालंय. आमच्याकडे गायक काळी एकवाला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरणारा), गायिका काळी पाचवाली, साथीला क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्स, म्हणजे तेच गाणं दोन पट्ट्यांत आणि प्रत्येक वादकाला वेगळा कागद. हे हाताने लिहून बघा एकदा, मग कळेल मी काय म्हणतोय ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बी फ्लॅट क्लॅरिनेटवाल्याने कागदावरचा सी वाजवला की कानावर बी फ्लॅट येतो, आल्टो सॅक्सवर तोच सी ई फ्लॅट होऊन येतो. म्युझस्कोरमधे वाद्य निवडलं की हा हिशोब आधीच भरलेला असतो, आणि खाली कॉन्सर्ट पिचचं बटण आहे. ते चालू केलं की सगळ्यांचे खरे ऐकू येणारे सूर दिसतात, बंद केलं की प्रत्येक वादकाला जे वाचायचंय ते. प्लेबॅक दोन्ही वेळा सेमच. मी लिहितो चालू ठेवून आणि प्रिंट काढतो बंद करून.

आता खरी गंमत. वाद्याच्या नावावर राइट क्लिक करून स्टाफ/पार्ट प्रॉपर्टीज उघडलं की ट्रान्स्पोझिशन स्वतः भरता येतं, किती ऑक्टेव्ह (सप्तक), कुठला इंटरव्हल (दोन सुरांमधलं अंतर), वर का खाली. बऱ्याच जणांना वाटतं इथे आकडा बदलला की आवाज वरखाली होईल आणि कागद तसाच राहील. होतं उलटं! ऐकू येणारा सूर जागेवर राहतो आणि लिहिलेला सरकतो, कारण सॉफ्टवेअरच्या लेखी खरा सूर म्हणजे कानावर येतो तो. त्यामुळे पेटीवाल्याला सी मधेच वाचायचंय आणि आवाज काळी एकचा हवाय, तर आधी तिथे मायनर सेकंड (अर्धा सूर) वर असं भरा, मग नोट्स सिलेक्ट करून टूल्समधल्या ट्रान्स्पोझने तेवढ्याच वर न्या. कॉन्सर्ट पिच बंद असलं की कागद परत सी मधे दिसतो आणि प्लेबॅक वर गेलेला असतो. दोन पायऱ्या आहेत, पण एकदा डोक्यात बसलं की विचार करावा लागत नाही.

काळी एक लिहिताना सी शार्प घेऊ नका हां, डी फ्लॅट घ्या. सात शार्प आले की सॅक्सचा कागद वाचवत नाही. डी फ्लॅट मेजर घेतलं तर क्लॅरिनेटला ई फ्लॅट मेजर येतो, आल्टोला बी फ्लॅट, दोघंही निवांत. आणि गायिकेसाठी काळी पाच म्हणजे बी फ्लॅटला नेलं की क्लॅरिनेट सरळ सी मेजरमधे, सॅक्सला एकच शार्प. ट्रान्स्पोझच्या विंडोत डबल शार्प-फ्लॅटची टिक असते, ती मी काढूनच टाकतो.

कमी काय? जुन्या तीन नंबर व्हर्जनमधे सिंथेसायझरची विंडो होती, तिथे ए ४४० (सगळं ट्युनिंग ज्यावर बेततात त्या ए सुराची ४४० हर्ट्झ फ्रीक्वेन्सी) चा ४३२ किंवा ४४२ एका जागी करता यायचा, चार आलं आणि ती विंडो गेली. आता नोट्स सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमधल्या प्लेबॅकमधे सेंट्स (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) भरायचे, ४३२ साठी साधारण उणे ३२, ४४२ साठी अधिक ८. जुन्या ट्युनिंगच्या पेटीबरोबर रियाजाचा ट्रॅक करायचा असेल तर हे लागतंच, आणि थोडं कटकटीचं आहे. भातखंडे पद्धतीची स्वरलिपी पण नाहीये, सा रे ग म हवं असेल तर नोट्सखाली लिरिक्स म्हणून टाइप करत बसा.

बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले, सुगमवाले यांनी डोळे झाकून घ्यावं, पाच पैकी साडेचार. नुसतं सरगम लिहून ठेवणाऱ्यांनी मात्र वही सोडायची काही गरज नाही.