सेक्शन कापायला सलूनचा वस्तरा

थेट सांगते. बी.एस्सी.ला बॉटनी घेतली असेल तर नुसतं ब्लेड चिमटीत धरून सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायची खोडापानाची पातळ चकती, कापायचा हट्ट सोडा आणि सलूनमध्ये असतो तो अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आणा. मी कॉलेजात प्रॅक्टिकल्स घेते. दरवर्षी नवी बॅच आली की पहिला प्रश्न ठरलेला, 'मॅडम, ब्लेड कोणतं आणू?' टोपाझ आणा, सेव्हन ओ'क्लॉक आणा, सुपरमॅक्स आणा, काहीही चालतं. मी टोपाझ वापरते, कारण कॉलेजसमोरच्या दुकानात तेच असतं. ब्लेड नवं असलं म्हणजे झालं. खरा फरक पडतो तो ते कशात धरलंय याने.

दाढीचं ब्लेड 43 मिलिमीटर लांब, 22 रुंद आणि जाडीला फक्त 0.1 मिलिमीटर. सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडाला हा पातळपणा वरदान आहे. पण कण्हेरीच्या पानाची मधली शीर आली किंवा जरा जून फांदी आली की पातं मधेच वाकतं आणि सेक्शन एका कडेला कागद, दुसऱ्या कडेला भाकरी. शिवाय दोन्हीकडे धार, त्यामुळे दाबायला गेलं की पहिलं आपलं बोट कापतं. वस्तऱ्यात अर्धं ब्लेड बसवलं की धारेची जेमतेम एक पट्टी बाहेर राहते, बाकीचं पातं दोन्ही बाजूंनी आवळलेलं. वाकायला जागाच नाही. आणि हातात धरायला मूठ मिळते, हे वेगळंच.

ब्लेड मोडायचं ते कागदी वेष्टनातच. दोन्ही कडा धरून लांबीत वाकवलं की कट् करून दोन तुकडे होतात. पोलाद इतकं कडक असतं की जास्त वाकण्याआधीच मोडतं. नव्या ब्लेडला तेलाचा हात असतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाका. पुसताना बोळा पाठीकडून धारेकडे न्यायचा, धारेवरून आडवा फिरवायचा नाही.

आता कापणं. बटाटा किंवा गाजराच्या तुकड्याला खाच पाडून त्यात पान उभं बसवायचं. खोड जाड असेल तर हा आधार, म्हणजे पिथ, लागतच नाही. डाव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या टोकापेक्षा जरा खाली ठेवायचा. पातं आणि खोड दोन्ही पाण्याने ओलं. मग वस्तरा तिरका ठेवून एका ओढीत आपल्याकडे आणायचा. करवतीसारखं पुढे-मागे केलंत की संपलं. भराभर कापत जायचं, मधे थांबून बघायचं नाही. पात्यावर साठलेल्या चकत्या ब्रशने वॉच ग्लासमधल्या पाण्यात सोडायच्या. ज्या दिसायलाही त्रास होतो, तळाच्या काचेतच विरून गेल्यासारख्या वाटतात, त्या उचलायच्या. पांढऱ्या दिसतात त्या जाड. मुलं अख्ख्या गोल चकतीसाठी जीव टाकतात. त्याची गरज नाही. एक कोपरा पातळ आला तरी पुरे. सॅफ्रॅनिन हा लाल रंग देऊन, जादा रंग धुऊन ग्लिसरीनमध्ये बघितलं की त्या कोपऱ्यातसुद्धा झायलम, म्हणजे पाणी वाहणारा भाग, लालभडक उठतं आणि अन्न वाहणाऱ्या फ्लोएमच्या डोक्यावरची स्क्लेरेन्कायमाची, म्हणजे टणक पेशींची, टोपी स्वच्छ दिसते.

सेक्शनवर एकाच दिशेने समांतर ओरखडे दिसले तर दोष तुमच्या हाताचा नाही, धारेला कपचा उडालाय. तुकडा बदला. 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं होतं की पोलादापेक्षा कितीतरी मऊ असलेला केसही ब्लेडच्या धारेचे कपचे काढतो. इथे तर मक्याच्या खोडाच्या सालीत सिलिका असते, आणि इक्विसेटम या वनस्पतीत इतकी की पूर्वी त्याने भांडी घासायचे. म्हणून क्रम सांभाळा: आधी सूर्यफूल, मग मका, इक्विसेटम सगळ्यात शेवटी.

आमच्या कपाटात जुना सेक्शन रेझर आहे, एक बाजू सपाट, दुसरी खोलगट. दगडावर तो धार पुढे ठेवून चालवायचा, चामडी पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून, आणि पालटायचा तो पाठीवरून. खरं सांगायचं तर लाकडासारख्या टणक फांदीला आजही मी तोच काढते. त्या वजनाची सर वस्तऱ्याला नाही. पण एवढी मुलं आणि एक रेझर, त्यात प्रत्येक वेळी पट्ट्यावर घासत कोण बसणार?

वस्तरा घेताना ब्लेड बसवून हलवून बघा. मी आधी ऑनलाइन मागवलेल्या एकाची पकड ढिली होती, पातं आत डुगडुगायचं. तो परत केला आणि सलूनचं सामान विकणाऱ्या दुकानातून सव्वाशेला दुसरा आणला. घट्ट आहे, पण काम झाल्यावर ब्लेड काढून पुसला नाही तर खाचेत गंज धरतो. सॅफ्रॅनिनचे डाग तर जातच नाहीत, मूठ कायमची गुलाबी.

घरच्या कामांना म्हणाल तर ब्लाउजची शिवण उसवायला वस्तरा नको, अवजड पडतो. तिथे सुटा अर्धा तुकडा, मोडलेल्या बाजूला चिकटपट्टी लावून. काचेवरचा रंग खरवडायला यातलं काहीच घेऊ नका. त्याला पाठीला पत्रा असलेलं एकधारी जाड ब्लेड आणि त्याचा स्क्रेपर वेगळा मिळतो.

वापरलेले तुकडे आम्ही पावडरच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात टाकतो. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करायची, वर मोठ्या अक्षरात 'ब्लेड' लिहायचं आणि कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात सांगून द्यायचा. बेसिनखालच्या बादलीत सुटं ब्लेड सापडलं तर त्या टेबलाचं जर्नल मी सही न करता परत देते.