स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी घरी येणारी परिचारिका: वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यातून

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा संताप, संशय आणि घराबाहेर निघून जाण्याची धडपड कशी हाताळावी, हे घरी येऊन शिकवणारी सेवा आमच्या तालुक्याच्या गावी सुरू झाली आहे आणि खेड्यातल्या कुटुंबांनी ती जरूर घ्यावी, असे माझे मत आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना हा विकार असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक आढळले; तरीही आपल्याकडे ‘म्हातारचळ’ म्हणून विषय संपवला जातो.

सासूबाई दिवेलागणीला पदर खोचून दाराशी जात आणि ‘मले घरी जाऊ द्या, माय वाट पाहून राह्यली’ असा हट्ट धरत. कोणी समजूत घालू लागले की हात उगारत. परिचारिकाताईंनी वाद न घालता विचारले, ‘आजी, काय रांधते तुमची माय?’ सासूबाई ओसरीवर टेकल्या आणि ज्वारीच्या भाकरीचे, अंबाडीच्या भाजीचे सांगत बसल्या. अंधार पडण्याआधीच दिवे लावावेत आणि त्या वेळी हाताला ओळखीचे काम द्यावे, असे ताईंनी आम्हाला सुचवले. आता ऊन कलले की आम्ही घरचा कापूस त्यांच्या पुढ्यात ठेवतो. बोटांनी सरकी काढून त्या वाती वळत राहतात. हट्ट पुरता गेला नाही, पण हात उगारणे जवळपास थांबले आहे.

दुसरी मोलाची शिकवण अशी की, वागणे एकाएकी बिघडले तर आधी शरीरात कारण शोधावे: बद्धकोष्ठता, दुखणे, लघवीतला जंतुसंसर्ग. रात्रीचे ओरडणे अचानक वाढले तेव्हा ताईंनी आग्रहाने लघवी तपासायला लावली. संसर्ग निघाला आणि उपचारांनंतर रात्री शांत झाल्या. मेडिकलमधून परस्पर गुंगीच्या गोळ्या आणू नयेत, हेही त्यांनी निक्षून सांगितले. ते रास्तच आहे, कारण अशा रुग्णांना दिल्या जाणाऱ्या काही मनोविकारविरोधी औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलेला आहे.

उणिवाही आहेत. छापील पत्रक शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिल्यासारखे वाटते. मुख्य दाराला उंचावर कडी लावा, असे त्यात आहे, पण मागचे काट्यांचे कुंपण आणि परसातली विहीर यांचा उल्लेखही नाही. विहिरीवर जाळी बसवण्याचा सल्ला आम्ही ती दाखवल्यावरच मिळाला. शुल्क मात्र एका दिवसाच्या मजुरीएवढेच असल्याने परवडते.

सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. भेटी बहुतेक दुपारीच होतात आणि त्रास सुरू होतो सायंकाळी. त्यातून कापूस वेचणीच्या दिवसांत सारे वावरात असताना घरी एकच माणूस उरते. निदान त्या हंगामात तरी सायंकाळच्या भेटी ठेवाव्यात, अशी मागणी मी सेवेकडे लेखी दिली आहे.