सगळ्यांच्या डोळ्यांना एकच बाटली: ‘विनाऑपरेशन मोतीबिंदू’ शिबिरात झालेली आमची फसवणूक

दि. १० डिसेंबर २०२३ रोजी, रविवारी, आमच्या गावातल्या मंदिराच्या सभामंडपात ‘मोफत नेत्रतपासणी व विनाऑपरेशन मोतीबिंदू उपचार शिबिर’ भरले होते. माझ्या सासूबाईंना तेथे मीच घेऊन गेले. यजमान कामानिमित्त परगावी होते, घरातून कोणी आग्रह केला नव्हता, निर्णय पूर्णपणे माझा होता. हे आधीच लिहून टाकते, कारण नणंदबाईंनी नंतर जे ऐकवले ते चुकीचे होते असे मला म्हणता येत नाही.

मी एका पतसंस्थेत २२ वर्षे रोखपाल आहे. नोटा मोजणे, सह्या पडताळणे, पावतीवरचा क्रमांक पाहिल्याशिवाय रक्कम न सोडणे, हेच माझे रोजचे काम. त्याच हातांनी मी नोंदणीचे ५० रुपये, ‘कॉम्प्युटर तपासणी’चे ३०० रुपये, १,४०० रुपयांची एक अशा थेंबांच्या दोन बाटल्या आणि १,८०० रुपयांचे चूर्ण मिळून महिन्याचे ४,६०० रुपये असे तीन महिने, आणि ‘डोळ्यांच्या शिरा मोकळ्या करणाऱ्या’ पट्ट्याचे ३,७५० रुपये दिले. एकूण १७,९०० रुपये. पहिल्या महिन्याची रक्कम आणि पट्ट्याचे पैसे रोख दिले, पुढचे दोन हप्ते फोनवरून पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव आले ते पत्रकावरच्या संस्थेचे नव्हते, एका व्यक्तीचे होते. पतसंस्थेच्या खिडकीवर असे घडले असते तर मी ग्राहकाला परत पाठवले असते.

माझी बाजू एवढीच आहे. सासूबाईंचे वय तेव्हा ६७ होते. त्यांना दोन वर्षांपासून काचबिंदू होता, त्यासाठी त्या रोज रात्री डोळ्यांत थेंब टाकत होत्या, आणि त्याच्या जोडीला मोतीबिंदूही वाढत चालला होता. नेत्रतज्ज्ञांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुचवली होती, पण त्यांच्या चुलतबहिणीच्या डोळ्यात शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला होता, आणि तेव्हापासून ‘डोळ्याला सुरी लावून घेणार नाही’ हे त्यांचे ठाम म्हणणे होते. शेजारच्या गावातली दहा माणसे शिबिरात जाऊन आली होती आणि त्यांतल्या एकानेही तक्रार केली नव्हती. अशा वेळी पत्रक हातात पडले आणि त्यावर ‘विनाऑपरेशन’ हा शब्द सर्वांत मोठ्या अक्षरात होता.

पांढरा कोट घातलेल्या माणसाने सुरुवातीला सुश्रुताचे नाव घेतले. सुश्रुताने मोतीबिंदू औषधाने विरघळवला, असे त्याने माइकवरून सांगितले आणि सभामंडपात माना डोलल्या. प्रत्यक्षात सुश्रुताने वर्णन केलेला उपचार शलाका डोळ्यात घालून करण्याचा आहे, म्हणजे ती शस्त्रक्रियाच होती. हे मला नंतर कळले. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे. ते गढूळ झालेले भिंग थेंबांनी पुन्हा स्वच्छ होत नाही, ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवावे लागते. कोणीही थेंब, मध, चूर्ण किंवा पट्टा दाखवून याच्या उलट सांगू लागला, तर पुढचे वाक्य ऐकायला थांबू नये.

आता त्या रांगेविषयी लिहिते, कारण माझे मन अजून तेथेच अडकलेले आहे. आमच्या पुढे बीडकडच्या टोळीतला एक ऊसतोड कामगार होता. दोन दिवसांपूर्वी तोडणी करताना उसाचे पाते त्याच्या उजव्या डोळ्याला लागले होते, डोळा लालभडक होता आणि तो उपरण्याच्या टोकाने सारखे पाणी टिपत होता. त्याच्या पुढे सहा वर्षांची एक मुलगी आईच्या कडेवर होती; तिचा एक डोळा नाकाकडे वळलेला होता. आमच्या मागे आमच्याच गल्लीतल्या, १५ वर्षांपासून मधुमेह असलेल्या काकू होत्या, ज्यांना वाचताना डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगताना दिसत होते. आणि मध्ये आम्ही, काचबिंदू व मोतीबिंदू दोन्ही घेऊन. वयाने, कामाने आणि आजाराने एकमेकांशी काहीही संबंध नसलेले हे चार रुग्ण, आणि चौघांनाही एकाच खोक्यातून तीच हिरव्या झाकणाची बाटली काढून दिली गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. त्या खोक्याकडे पाहताना मनात काहीतरी खटकलेही, पण ‘आयुर्वेद मुळावर काम करतो’ हे त्या माणसाचे उत्तर मी प्रश्न विचारण्याआधीच स्वतःला देऊन मोकळी झाले.

त्याहूनही मोठी खूण घरी आल्यावर समोर होती. जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो की ते आधी डोळ्यात पिवळसर थेंब टाकून निळ्या दिव्याच्या यंत्राने डोळ्याचा दाब मोजत, मग बाहुली मोठी करणारे थेंब टाकून अर्धा-पाऊण तास बसवून ठेवत आणि त्यानंतर आतला पडदा व नस पाहत. त्या दिवशी परतताना सासूबाईंना ऊन सोसत नसे, चार-पाच तास जवळचे अंधुक दिसे, आणि एस. टी.च्या पायरीवर मला त्यांचा हात धरावा लागे. शिबिरातून मात्र त्या स्वतः चालत आल्या आणि उन्हात ओसरीवर बसून त्यांनी मेथीची जुडी निवडली, पिवळे पान बाजूला, हिरवे पान परडीत. मी समोर बसून होते. ज्या डोळ्यांची ‘संपूर्ण तपासणी’ झाल्याचा कागद माझ्या पिशवीत होता, त्या डोळ्यांत तपासणीचा एकही थेंब पडलेला नव्हता, हे त्या मेथीवरून मला कळायला हवे होते. त्यांनी वापरलेले ‘कॉम्प्युटर’ यंत्र चष्म्याचा अंदाजे नंबर काढणारे होते. त्यावर ना दाब कळतो, ना पडदा दिसतो.

आणि मग ते वाक्य: “आधीचे थेंब आजपासून बंद, त्यांनी उष्णता वाढते.” आम्ही ते बंद केले. आयुष्यात यापेक्षा महाग वाक्य मी ऐकलेले नाही. काचबिंदूत डोळ्याचा दाब वाढून किंवा नस तो दाब सोसू न शकल्याने दृष्टीची नस हळूहळू मरत जाते, बहुतेकांना काहीही दुखत नाही, कडेची नजर आधी जाते, आणि गेलेली नजर कोणत्याही उपचाराने परत येत नाही. थेंब फक्त उरलेली नजर राखतात. चालू असलेले औषध बंद करायला सांगणारा माणूस कोणत्याही पॅथीचा असो, मूळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याचे ऐकू नका.

तुम्ही विचाराल की तीन महिने आम्हाला शंका कशी आली नाही. कारण गुण आला होता! पहिल्या आठवड्यातच सासूबाईंच्या डोळ्यांची लाली आणि खाज गेली, त्यांना हलके वाटू लागले, आणि गल्लीतल्या काकूही तेच म्हणत होत्या. नंतर नेत्रतज्ज्ञांनी याचे कारण सांगितले. अशा बेनामी बाटल्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते, त्याने लाली दोन-चार दिवसांत ओसरते आणि रुग्णाचा विश्वास बसतो. पण तेच स्टेरॉइड महिनोन्‌महिने डोळ्यात गेले तर काही जणांच्या डोळ्याचा दाब वाढतो आणि मोतीबिंदूही लवकर होतो. आमच्या बाटलीत ते होते असे मी ठामपणे लिहीत नाही, कारण ती बाटली आजपर्यंत कोणीही तपासलेली नाही. त्याविषयी पुढे लिहिते. बाटलीवर घटक, बॅच क्रमांक, मुदत आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक यांपैकी काहीही नव्हते. एवढे जरी मी वाचले असते!

१९ मार्च २०२४ रोजी सकाळी शेजारणीने डावीकडून दुधाचे भांडे पुढे केले, ते सासूबाईंना दिसलेच नाही आणि त्यांच्या कोपराने ते खाली पडले. त्या ओशाळल्या, मी वैतागले, हेही खरे आहे. संध्याकाळी त्याच बाजूला दाराच्या चौकटीवर त्यांचे कपाळ आपटले, तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. शिबिरवाल्यांचा फोन चार दिवसांपासून बंद होता. २१ मार्चला, म्हणजे थेंब बंद केल्यापासून १०२ व्या दिवशी, आम्ही नेत्रतज्ज्ञांसमोर बसलो. साधारणपणे १० ते २१ असायला हवा तो दाब डाव्या डोळ्यात ३४ आणि उजव्या डोळ्यात २९ होता. आमच्या आधीच्या नोंदी १५ आणि १६ च्या होत्या. नजरेचा परीघ मोजणाऱ्या तपासणीच्या कागदावर डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू काळी उमटली होती. दोन प्रकारचे थेंब सुरू झाले, दाब खाली आला, आणि जूनमध्ये सरकारी रुग्णालयात त्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून भिंगही बसवले गेले. त्या शस्त्रक्रियेला आम्हाला एक रुपयाही लागला नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात १९७६ पासून चालू आहे आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्याखाली मोफत होते. म्हणजे जे मोफत मिळत होते ते टाळण्यासाठी मी १७,९०० रुपये मोजले. समोरचे त्यांना आता स्वच्छ दिसते. कडेचे जे गेले ते गेले.

त्याच रुग्णालयाच्या बाकावर मला तो ऊसतोड कामगार भेटला. त्याच्या बुबुळावर पांढरे फूल पडले होते. उसाचे पाते, भाताचे तूस, काडी असे काही लागून झालेल्या जखमेत बुरशी वाढू शकते, आणि अशा डोळ्यात स्टेरॉइड गेले तर बुरशीला रानच मोकळे मिळते. त्या जखमेचा अंश खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, बुरशीचे निघाले तर तिच्यावरचे वेगळे थेंब सुरुवातीला तासातासाला, रात्रीसुद्धा, टाकावे लागतात, आणि हे कित्येक आठवडे चालते. तो तेथे पोहोचला तेव्हा सहा आठवडे उलटून गेले होते. शेतात डोळ्याला काही लागले तर औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मुकादम आगाऊ दिलेल्या उचलीचे सांगून अडवत असेल तरी जा. काकूंच्या पडद्यावर मधुमेहामुळे रक्तस्राव झाला होता, त्यांना लेसर घ्यावे लागले. मधुमेह असलेल्या माणसाने दिसण्याची तक्रार नसली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा पाहून घ्यावा, हे त्यांना १५ वर्षांत कोणी सांगितले नव्हते. त्या लहान मुलीचा मात्र पत्ता मला लागलेला नाही. तिला चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधण्याचा उपचार लागला असता, आणि तो सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तरच नीट लागू पडतो. तिच्या आईने थेंबांवर किती महिने घालवले असतील, हा विचार मला झोपू देत नाही.

आता कार्यालयांविषयी. पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की पैसे तुम्ही स्वखुशीने दिले, जबरदस्ती झाली नाही, तेव्हा साधा अर्ज देऊन जा. खोटे बोलून पैसे काढून घेणे यालाच फसवणूक म्हणतात आणि भारतीय दंड संहितेत त्यासाठी कलम ४२० होते, हे रोखपालाने पोलिसांना सांगावे लागते का? अर्जाची पोच मिळाली, गुन्हा नोंदला गेला नाही. आरोग्य विभागाच्या तालुक्याच्या कार्यालयात उत्तर मिळाले की या शिबिराने परवानगीच घेतली नव्हती, म्हणून आमच्याकडे त्याची नोंद नाही, म्हणून आम्हाला काही करता येत नाही. हे वाक्य मी दोनदा म्हणून घेतले. परवानगी घेतली असती तर कारवाई, घेतली नाही म्हणून सुटका! औषधांशी संबंधित कार्यालयात मी दोन बाटल्या घेऊन, ७० किलोमीटर प्रवास करून, तीन वेळा गेले. पहिल्या वेळी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या वेळी चूर्ण आयुर्वेदिक असल्याने वेगळ्या विभागाकडे जा, असे सांगितले. तिसऱ्या वेळी उत्तर आले की बाटल्यांचे सील फुटलेले असल्याने त्यांचा नमुना ग्राह्य धरता येणार नाही. औषध वापरल्याशिवाय फसवणूक कळत नाही आणि वापरले की पुरावा उरत नाही, मग आमच्यासारख्यांनी करायचे तरी काय? ते छापील पत्रक मी त्यांच्या टेबलावर ठेवले होते. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे, त्याच्या परिशिष्टात मोतीबिंदू, काचबिंदू आणि अंधत्व ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत, म्हणजे ‘विनाऑपरेशन मोतीबिंदू बरा’ असे छापणे हाच गुन्हा आहे. त्याला बाटली लागत नाही, सील लागत नाही. ते पत्रक घडी करून मला परत देण्यात आले.

ग्राहक आयोगाकडे जायचे तर समोरच्याचे नाव आणि पत्ता लागतो. पत्रकावरचा पत्ता कोल्हापुरातला होता. तेथे जाऊन पाहिले तर ते कुलूप लावलेले गोदाम निघाले. सभामंडप भाड्याने देणाऱ्यांनी वहीत ‘शिबिर, २,००० रुपये’ एवढेच लिहून ठेवले आहे. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, पण सभामंडप, शाळा किंवा समाजमंदिर देण्याआधी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि आरोग्य विभागाचे पत्र मागायला पाच मिनिटे लागतात.

आतापर्यंत आम्ही चार जण एकत्र आलो आहोत आणि संयुक्त तक्रार तयार करत आहोत. पत्रक आमच्याजवळ आहे, पैसे पाठवल्याच्या दोन नोंदी आहेत, नेत्रतज्ज्ञांच्या आधीच्या आणि नंतरच्या तपासणीचे कागद आहेत. सांगली किंवा कोल्हापूर जिल्ह्यात डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात अशा शिबिरातून कोणी हिरव्या झाकणाची, नाव नसलेली बाटली आणली असेल आणि ती अजून फोडलेली नसेल, तर ती डोळ्यात टाकू नका आणि फेकूनही देऊ नका. सील तसेच ठेवून आम्हाला कळवा.