सणाचं ताट व्हीगन करताना: काजूचं श्रीखंड की नारळाचा रस?

व्हीगन व्हायचं, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच खायचं नाही, म्हणून घरात दूध-तूप बंद केलं की रोजच्या जेवणाचं फारसं अडत नाही. भाकरी, उसळ, आमटी, पालेभाजी, यांत दूध मुळातच नसतं. अडतं ते सणाला. पाडव्याचं श्रीखंड, कोजागरीचं मसाला दूध, पुरणपोळीवरची तुपाची धार, मसालेभातावर तूप, शेवटी मठ्ठा. अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे तेच पदार्थ करायचे आणि दूध, दही, तुपाच्या जागी काजू, शेंगदाणे, बदाम, खोबरेल वापरायचं. दुसरी, ज्यांत दूध कधी नव्हतंच असे सणाचे पदार्थ ताटात आणायचे. आमच्या घरी दोन्ही झालं आहे. आता माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण पहिल्या वाटेने जाणाऱ्याला चुकीचं ठरवायचा माझा हेतू नाही. घराघरातली जीभ वेगळी आणि माणसंही वेगळी.

पहिल्या वाटेतलं सर्वांत मोठं आव्हान म्हणजे श्रीखंड. काजू रात्रभर भिजवायचे, गंधासारखे वाटायचे, कोमट करून विरजण लावायचं. गायी-म्हशीच्या दह्याचं विरजण चालणार नसल्याने सुरुवात हिरव्या मिरचीच्या देठांवर किंवा विकतच्या वनस्पतिजन्य विरजणावर होते. एकदा जमलं की त्याच दह्यातलं थोडं पुढच्या वेळेसाठी राखता येतं. काजूच्या दह्याला पाणी फारसं सुटत नाही, म्हणून वाटतानाच ते घट्ट ठेवावं लागतं. शेंगदाण्याचं दही स्वस्त पडतं आणि पाणीही चांगलं सोडतं, पण त्याचा वास मला केशर-वेलचीतूनही जाणवतो. म्हणून कढी आणि कोशिंबिरीला शेंगदाण्याचं दही, श्रीखंडाला काजूचं, असं माझं मत झालं. साखर नेहमीपेक्षा बरीच कमी घालावी, काजू मुळात गोड असतो. आंबटपणा कमी वाटला तर लिंबाचे चार थेंब.

हे श्रीखंड चांगलं होतं, हे मनापासून सांगतो. रंग येतो, मऊपणा येतो, पुरीला लागतं. तरीही मी त्यावर थांबलो नाही, आणि त्याचं कारण चवीत नाही, पंगतीत आहे.

काजूचं श्रीखंड वाढलं की पंगतीचा विषयच बदलतो. पहिला घास तोंडात गेला की समोरचं माणूस क्षणभर थांबतं. मग कौतुक येतं: "अगदी खऱ्यासारखं लागतंय हो!" दुसरं कुणी म्हणतं, "थोडा फरक जाणवतो, पण छान आहे." मग ते कशाचं केलं, किती काजू लागले, दही लागतं तरी कसं, दूध का सोडलं, आणि मुलांच्या हाडांचं काय. हे सगळे प्रश्न प्रेमाने विचारलेले असतात. कुणी टोमणा मारत नाही. पण सणाच्या दिवशी दोन वाजता, अळूचं फदफदं गरम असताना, घरातली बाई किंवा बाप्या आपल्या पदार्थाची परीक्षा देत बसतो. ज्येष्ठ मंडळी बिचारी जपून जपून बोलतात, त्यामुळे आणखीच अवघड होतं. मला हे खुपलं. मला लोकांनी जेवावं असं वाटत होतं आणि ते तुलना करत होते. यात त्यांचा दोष नाही. श्रीखंडात चक्का आणि साखर याशिवाय असतं काय? चक्काच बदलल्यावर जीभ जुन्या चवीला शोधणारच.

नंतर एका गौरीच्या जेवणाला आम्ही शिरवाळे केले. तांदळाच्या उकडीच्या शेवया आणि सोबत नारळाचा गोड रस: जाडसर दूध, त्यात किसलेला गूळ, वेलची आणि चवीला चिमूटभर मीठ. मालवणकडचा हा पदार्थ आमच्या सातारच्या नातेवाइकांपैकी बहुतेकांना नवीन होता. कुणीही "खऱ्यासारखं" म्हणालं नाही, कारण तेच खरं होतं. "अजून रस वाढा" एवढंच ऐकू आलं. दूध सोडल्याचा विषय त्या पंगतीत निघालाच नाही. तराजूचं पारडं माझ्यापुरतं तिथे झुकलं.

आणि या वाटेवर पदार्थ कमी नाहीत. कोकणात गौरीला घावन-घाटलं करतात, आणि घाटलं म्हणजे तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचं दूध. नागपंचमीच्या पातोळ्या हळदीच्या पानात वाफवतात. त्यात तांदूळ, खोबरं, गूळ, बस. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही 15 ऑगस्टच्या मेरीमातेच्या फेस्ताला त्याच पातोळ्या होतात. गोव्याचं मणगणं चणाडाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाच्या रसाचं. नाताळच्या ताटातला दोदोल माडाचा गूळ, तांदळाचं पीठ आणि नारळाच्या दुधात तासन्‌तास घोटतात, त्यात ना अंडं ना तूप. (बेबिंका, म्हणजे गोव्याचा थराथरांचा केक, मात्र अंडी आणि तुपाशिवाय उभीच राहत नाही, तिच्या वाटेला मी गेलो नाही.) फणसाच्या दिवसांत सांदणं, म्हणजे फणसाच्या रसातल्या वाफवलेल्या गोड इडल्या, आणि नारळाचं दूध. मठ्ठ्याच्या जागी सोलकढी, आणि ती तर लोक मागून पितात.

घाटावरच्या घरांनी "हे तर कोकणातलं" म्हणून मागे सरू नये. पुरणपोळी गुळवणीबरोबर खाणारी कितीतरी घरं आहेत. गूळ, पाणी, वेलची, सुंठ, यात दुधाचा थेंब नाही. कटाची आमटी तशीच. चिंच-गुळाचं पंचामृत, भरली वांगी, काळा मसाला घातलेला मसालेभात तसेच. गौरी येतात त्या दिवशीचा नैवेद्य भाजी-भाकरीचा असतो. नवरात्रातल्या कडाकण्या पीठ आणि गुळाच्या पाण्यात होतात. संक्रांतीची गुळपोळी मोहनाला तेल घालून उत्तम खुसखुशीत होते. उकडीच्या मोदकात उकड काढताना लोण्याऐवजी चमचाभर तेल घाला, पारीला चिरा जात नाहीत.

नारळाच्या वाटेवर त्रास नाही असं नाही. नारळ खवणं, वाटणं, पिळणं हे काम आहे आणि नारळ आता स्वस्त राहिलेला नाही. पाहुणे बरेच असतील तर आदल्या दिवशी खवून फ्रिजमध्ये ठेवा, पण दूध मात्र पंगतीच्या तासभर आधीच काढा. भाद्रपदाच्या दमट हवेत सकाळी काढलेलं दूध दुपारपर्यंत आंबूस होतं. शिजवताना आधी पातळ दूध, जाड दूध अगदी शेवटी, आणि ते घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर तेल वेगळं होतं. याउलट एक सोय मोठी आहे: साध्या दुधाच्या खिरीत गूळ घालताना जो जीव मुठीत धरावा लागतो, तो इथे नाही. नारळाचं दूध गुळाने नासत नाही. विकतची पावडर घेणार असाल तर पाकीट उलटून वाचा, काहींत दुधाचं केसिनेट असतं. 2022 च्या नियमावलीनंतर व्हीगन मालावर हिरव्या रंगाचं वेगळं चिन्ह येऊ लागलं आहे, ते दिसलं तर वाचायचा त्रास वाचतो.

पहिली वाट पूर्ण सोडा, असंही मी म्हणणार नाही. कोजागरीला मला तीच आवडते. मसाला दुधाच्या मसाल्यात बदाम, पिस्ते, केशर, जायफळ असतंच. मग दूधही बदाम-काजूचं असलं तरी सगळं एकाच घरातलं वाटतं. फक्त काजू कमी ठेवा. काजूचं दूध तापवलं की आपोआप दाटतं, आणि गार झाल्यावर खळीसारखं होतं. त्याच कारणाने काजूची बासुंदी मला कधी रुचली नाही. वाढदिवसाच्या केकलाही बदल खपतो. बिनअंड्याचा केक सोडा आणि व्हिनेगरवर फुलवतात, त्यात दुधाऐवजी सोयाचं दूध आणि लोण्याऐवजी तेल आलं तर मुलांना पत्ताही लागत नाही. घरची काजूकतली काजू आणि साखरेच्या पाकाची, तिला तूप फक्त ताटलीला लावण्यापुरतं, तिथे तेल चालतं. दुकानातली घेताना मात्र विचारावंच लागतं.

बेसनाचे लाडू मधे कुठेतरी येतात. बेसन वास नसलेल्या खोबरेलात मंद भाजलं तर चव जवळ जाते. अडचण वळण्याची आहे. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे पुण्याच्या दिवाळीतल्या थंडीत लाडू छान बसतात आणि मुंबईच्या भावाकडे डबा पोचेपर्यंत सैल पडतात. काही जण वनस्पती तूप वापरतात. जानेवारी 2022 पासून त्यातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे, तरी मला ती चव मेणचट लागते. तुपाच्या वासासाठी खोबरेलात कढीपत्ता आणि पेरूची पानं कढवण्याची एक कृती आहे. गरम वरणभातावर ती बऱ्यापैकी साथ देते, गार शिऱ्यावर नाही.

तुमच्याकडे पहिल्यांदाच असा सण होणार असेल, आणि घरात चार मोठी माणसं जरा साशंक असतील, तर मी सुचवेन की त्या पंगतीत दुधाची जागा घेणारा एकही पदार्थ ठेवू नका. पुरणपोळी, गुळवणी, कटाची आमटी, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, कोशिंबीर दाण्याचं कूट आणि लिंबू घालून, भजी, मसालेभात, आणि कोकणाची ओढ असेल तर शिरवाळे किंवा मणगणं. ज्यांना पोळीवर तूप हवं त्यांच्यासाठी छोटी वाटी बाजूला ठेवायची की नाही, हे तुमच्या घराने ठरवावं. आमच्याकडे ठेवत नाही, आणि गुळवणीचं पातेलं भरलेलं असलं की सहसा कुणी मागतही नाही. काजूचं श्रीखंड नंतर एखाद्या रविवारी, घरच्या घरी करून बघा.