कॅल्क्युलसविना यांत्रिकी : दादरच्या एका क्लासविषयी

अकरावी विज्ञानाच्या मुलांना यांत्रिकी आणि उष्णता केवळ बीजगणिताच्या आधारे शिकवणारा एक छोटा क्लास दादर पश्चिमेला भरतो. माझी मुलगी तिथे जाते आणि सरांच्या परवानगीने मीही काही तास मागच्या बाकावर बसून ऐकले. गणिताच्या तासाला कॅल्क्युलस (सतत बदलणाऱ्या राशींचे गणित) यायच्या आधीच भौतिकशास्त्रात ते गृहीत धरले जाते आणि तिथेच मुले सूत्रे पाठ करू लागतात. ही अडचण या क्लासने नेमकी ओळखली आहे.

गतीची समीकरणे फळ्यावर येण्याआधी वेग-काळ आलेख येतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने फलाटाकडे येणाऱ्या लोकलचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होत असेल, तर ७२ ला ३.६ ने भागून २० मीटर प्रतिसेकंद, थांबायला २० सेकंद, आणि आलेखाखालच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजेच कापलेले अंतर, २०० मीटर. वेग दुप्पट केला की त्रिकोणाचा पाया आणि उंची दोन्ही दुप्पट होतात, म्हणून अंतर चौपट होते, हे मुलांना सूत्र न आठवताही दिसते. मला हा तास फार आवडला.

बलांच्या गणितात फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची सगळी बले बाणांनी दाखवणारी आकृती) काढल्याशिवाय सर पुढची ओळ तपासतच नाहीत. घर्षणबल सरसकट घर्षण गुणांक आणि नॉर्मल रिअ‍ॅक्शन (पृष्ठभाग वस्तूवर लंब दिशेने लावतो ते बल) यांच्या गुणाकाराएवढे धरण्याची सवयही ते मोडून काढतात, कारण स्थिर वस्तूच्या बाबतीत तो गुणाकार म्हणजे केवळ कमाल मर्यादा असते.

उष्णतेचा भाग मात्र परीक्षेच्या तोंडावर उरकला जातो आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. एक ग्रॅम वाफेचे १०० अंशांवर पाणी होताना सुमारे २२६० ज्यूल उष्णता बाहेर पडते, तर तेच पाणी ३७ अंशांपर्यंत निवताना जेमतेम २६४ ज्यूल. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून अधिक का पोळतो, हे या दोन आकड्यांतून समजते. असे उदाहरण वर्गात सोडवायचे सोडून गृहपाठात ढकलले जाते, आणि मिश्रणाच्या गणितांत कॅलरीमीटरने (ज्या भांड्यात मिश्रण करून उष्णता मोजतात त्याने) स्वतः शोषलेली उष्णता धरायची की नाही, याचा गोंधळ मुलांच्या वह्यांमध्ये तसाच राहतो.

यांत्रिकी कच्ची असलेल्या मुलांना मी हा क्लास निःशंकपणे सुचवेन. प्रवेश घेताना उष्णतेच्या प्रकरणांना किती तास मिळणार, एवढे मात्र पालकांनी आधी विचारून घ्यावे.